येथील दगड धुण्यात गेला

आनंदरावकाका दगडांचे चौकीदार होते. भिलाईत हे सांगितलं की लोक हसत. दगड कोण चोरतं? हसणाऱ्यांत मीही होतो. पोलादाच्या भट्टीला चुनखडी लागते, तिच्या एका खाणीच्या ऑफिसात मी टायपिस्ट आणि काका मागच्या शेडमध्ये. बोअर मारून जमिनीच्या पोटातून काढलेल्या दगडाच्या गोल कांड्या तिथे लांब लाकडी पेट्यांत ओळीनं ठेवलेल्या असत. वरची आधी, खोलातली नंतर. तो क्रम सांभाळणं हेच काकांचं काम. त्याआधी अकरा वर्षं त्यांनी दगड फोडणाऱ्या क्रशरवर धूळ खाल्ली, छाती शिट्टी वाजवू लागली, तेव्हा डॉक्टरच्या चिठ्ठीवर इथे आले.

१९८४च्या दसऱ्याला काका दरवर्षीसारखे नागपूरला, दीक्षाभूमीवर गेले. इकडे खाणीत ड्रिल, डंपर, वजनकाटा, सगळं धुऊन हार घालायचा रिवाज. देवीदास फिटर म्हणाला, "काकाच्या पेट्या काहून सोडाच्या?"

पाइप मीच धरला. पाच नंबरच्या पेटीतल्या कांड्या घासल्या, वाळवल्या आणि काळ्या एकीकडे, पांढऱ्या एकीकडे अशा झकास लावल्या. वर कुंकूही लावलं.

काका आले, पेटी उघडली आणि तिथेच खाली बसले.

"हे कोनं केलं बे?"

"दसरा होता ना काका. पूजा केली."

"उद्या घरी ये माह्या. माह्या बापाले, मले अन् माह्या पोराले उंचीनं लावून दे!"

खाणीच्या साहेबांच्या कानावर गेलं. क्रम गेला तर ती नुसती गिट्टी, ते म्हणाले. शुक्रवारी विद्यापीठातून एक मॅडम नेमकी हीच पेटी बघायला येणार होत्या. त्यांनी निरुपयोगी म्हटलं, तर शेड स्कूटर ठेवायला आणि आनंदराव परत क्रशरवर. काकांच्या छातीतली शिट्टी तेवढी ऐकू आली.

हातात चार दिवस होते. काका कांड्यांची तुटकी तोंडं एकमेकांना लावून पाहत. पांढऱ्या लवकर जुळल्या. काळ्यांच्या कडा पाण्यानं झिजलेल्या, त्या काही बसेनात. मग काकांनी खिळ्यानं एक कांडी ओरबाडली आणि माझ्या नाकाशी धरली.

"हुंग."

सडक्या अंड्याचा वास!

"हा वास काळ्याच्या पोटात लय असते. तिथून वर गेलं का कमी, खाली गेलं का कमी. मले पाठ आहे."

"काका, तुमच्या जागी पोलिसांचा कुत्रा चालला असता."

"त्याची छाती बरी असते बे."

एक कांडी मात्र पाण्यात विरघळून चिखल झाली होती. तिच्या जागी काकांनी वीतभर लाकूड ठेवलं आणि वर खडूनं लिहिलं, 'येथील दगड धुण्यात गेला.'

ललितामॅडम आल्या, त्यांनी आधी ते लाकूडच वाचलं. हसल्या. मग भिंग लावून गुडघ्यांवर बसल्या ते अर्धा तास उठल्याच नाहीत.

"सगळं जागेवर आहे," शेवटी म्हणाल्या, "आणि जे नाही, ते नाही म्हणून लिहिलंय."

मग त्यांनी सांगितलं. शंभर कोटी वर्षांपूर्वी इथे समुद्र होता. आमच्या क्वार्टरांवर, दुर्गवर, रसमड्याच्या शेतांवर.

"मग मासे?" मी विचारलं.

"मासे अजून जन्मायचे होते. तळाला शेवाळासारखे थर, बस." पांढऱ्या कांडीतल्या नागमोडी रेषा त्यांच्याच होत्या. "मग तळाच्या पाण्यातला प्राणवायू संपला. वरून मेलेलं पडत राहिलं, पण त्याला नीट कुजायलाही हवा नव्हती. म्हणून हे काळं."

"किती दिवस चाललं हे?" काका हळूच म्हणाले.

दोन विती काळ्यावर मॅडमनी पंजा पसरला. "हजारो वर्षं. कदाचित लाखो."

क्रशर बाहेर चालूच होता, पण मला तो ऐकू येईना. या जमिनीवरून मी रोज सायकल हाणत होतो, घंटी वाजवत.

"मंग हवा परत कधी आली?"

मॅडमनी काळ्याच्या वरची एक राखाडी रेघ दाखवली. नखाएवढी जाड.

"इथं तर वास संपते," काका म्हणाले. त्यांनी त्या रेघेवर अंगठा ठेवला आणि बराच वेळ उचलला नाही.

मॅडमचं पत्र मीच टाइप केलं, एकही चूक न करता. शेड राहावी आणि शेड सांभाळणाराही तिथेच राहावा. साहेबांनी सही केली.

पुढच्या दसऱ्याला काका नागपूरला जाताना किल्ली सोबत घेऊन गेले. आम्ही कुलपालाच हार घातला.