न विचारलेला निकाल

रविकांत देवपुजारी मे महिना उजाडला तरी गाडीचे बर्फासाठीचे विंटर टायर काढत नसे. कॅनडात, एटोबिकोतल्या त्याच्या गल्लीत सगळ्यांनी बर्फाची फावडी बेसमेंटमध्ये टाकलेली असत, याचं मात्र दाराशीच उभं. हवामान खात्यावर त्याचा विश्वास नव्हता. तसा तो कशावरच नव्हता. सॉफ्टवेअर टेस्टिंगमध्ये उमेदीची वर्षं काढलेला माणूस. दुसऱ्यांनी ‘चालतंय’ म्हटलेल्या गोष्टीत खोट शोधायची, हीच नोकरी. घरी आल्यावरही सवय सुटत नसे. बायको माधवी दूध तापवलंय म्हणाली तरी हा पातेल्याला हात लावून बघायचा.

मुलीला, निधीला, फेब्रुवारीत ग्वेल्फच्या विद्यापीठाची ऑफर आली. घरात पेढे आले. रविकांतने पेढा तोंडात टाकला आणि विचारलं, आता एपीचं काय?

एपी म्हणजे शाळेत असतानाच कॉलेजच्या तोडीचा विषय घ्यायचा आणि मे महिन्यात त्याची वेगळी परीक्षा द्यायची. निधीने केमिस्ट्री घेतली होती. ती म्हणाली, ऑफर शाळेच्या मार्कांवर आहे, या परीक्षेचा तिच्याशी संबंध नाही. स्कोअर चांगला आला तर पहिल्या वर्षाचा एखादा कोर्स वाचेल, एवढंच. रविकांतच्या मनात शंकेची पाल चुकचुकली. संबंध नाही तर परीक्षा ठेवलीय कशाला? त्याने ऑफिसातल्या मिलिंदला विचारलं, कारण मिलिंदचा मुलगा यातून गेला होता. तोही म्हणाला, ॲडमिशननंतर कुणी विचारत नाही. यावर रविकांतला मिलिंदचाच संशय आला. मग त्याने विद्यापीठात फोन केला. तिथल्या बाईंनी तेच सांगितलं. बाई नवीन असतील म्हणून पुन्हा केला, तर दुसऱ्या बाईंनीही तेच सांगितलं. सगळे एका सुरात बोलतायत म्हणजे कुठेतरी पाणी मुरतंय, असं त्याने माधवीला ऐकवलं. माधवीने पुढची पोळी लाटायला घेतली.

पण त्याला हसू नये. तो नागपूरहून निघाला तेव्हा व्हिसासाठी त्याची इंजिनिअरिंगची डिग्री तपासून मान्य झाली होती. त्या भरवशावर घर विकून आला, आणि इथे एकामागून एक कंपन्यांनी कॅनेडियन एक्स्पीरियन्स नाही म्हणून परत पाठवलं. पहिला हिवाळा त्याने एअरपोर्टजवळच्या गोदामात खोकी उचलून काढला. हातात आलेला होकार कसा फुसका निघतो ते त्याने भोगलं होतं. पोरीच्या बाबतीत ते होऊ द्यायचं नव्हतं.

एप्रिलमध्ये निधी घरी अभ्यास करेनाशी झाली. शनिवारी मैत्रिणीकडे, सलोनीकडे, जाते म्हणून निघायची ती संध्याकाळी उगवायची. रविकांतने डोळ्यांत तेल घालून पाळत ठेवली, पण घरात केमिस्ट्रीचं पुस्तक काही उघडलेलं दिसेना. पोरगी परीक्षेला दांडी मारणार, याची त्याला खात्री पटली. परीक्षेच्या सकाळी त्याने तिला शाळेच्या दाराशी सोडलं, हात हलवला, गाडी वळवली आणि समोरच्या दुकानांच्या प्लाझात उभी करून दाराकडे बघत बसला.

थोड्याच वेळात निधी बाहेर आली. खरं सांगायचं तर त्याला जरा समाधानच वाटलं. सापडली. पण ती बस स्टॉपकडे वळली नाही. रस्ता ओलांडून सरळ गाडीशी आली आणि दार उघडून शेजारी बसली.

“आय न्यू इट,” ती म्हणाली. “बाबा, आय स्टडीड. एव्हरी सॅटर्डे, सलोनीकडे. घरी नाही होत. तू सारखा दारात येऊन उभा राहतोस.”

इथे लोक आधी हो म्हणतात आणि मग, असं काहीतरी रविकांत पुटपुटला. गोदामाची गोष्ट तिने लहानपणापासून ऐकली होती.

“आय नो. पण मी ती कंपनी नाहीये,” निधी म्हणाली. “मी आता जाऊन पेपर लिहिणार. जुलैमध्ये स्कोअर येईल. तो मी सांगणार नाही आणि तू विचारायचा नाहीस. कॅन यू डू दॅट?”

तो हो म्हणाला. तिला ते खरं वाटलं नाही. तिच्या चेहऱ्यावर स्पष्ट दिसत होतं, आणि ते त्याला फार लागलं.

जुलैत निकालाच्या सकाळी निधीने पोहे खाता खाता फोन बघितला, खाली ठेवला आणि लिंबू मागितलं. रविकांतने लिंबू दिलं. चांगला आला असता तर हसली असती, वाईट आला असता तर लिंबू कशाला मागेल? दिवसभर ऑफिसात त्याच्या डोक्यात तेवढंच होतं. माधवीला बहुतेक ठाऊक होतं, पण तिच्याकडूनही त्याने काढून घेतलं नाही. हे किती जड गेलं ते त्याचं त्यालाच माहीत.

सप्टेंबरात ग्वेल्फला रेसिडेन्समध्ये, म्हणजे हॉस्टेलवर, सामान चढवायचं होतं. निधीने हात मोकळे हवेत म्हणून आपला फोन त्याच्याकडे दिला, तोही उघडाच, आणि रजया घेऊन माधवीबरोबर वर गेली. चार ठिकाणी बोट लावलं असतं तर कळलं असतं. त्याने फोन गाडीच्या बॉनेटवर उपडा ठेवला, त्यावर तळहात ठेवला आणि पार्किंगमधल्या गाड्या बघत राहिला.

निधी खाली आली. तिने हात पुढे केला.

“बघितलास स्कोअर?”

“नाही.”

“ओके,” म्हणत तिने फोन खिशात टाकला आणि पुढचं खोकं उचललं. पुन्हा विचारलं नाही, त्याच्या चेहऱ्याकडे निरखून बघितलंही नाही. रविकांत बॉनेटला टेकून तसाच उभा राहिला. तिने त्याचं ‘नाही’ जितक्या सहज खरं मानलं, तितक्या सहज त्याने आयुष्यात कुणाचं मानलं नव्हतं.