चौकटीच्या मापाचं प्रमाणपत्र

साठच्या दशकात मी लोणावळ्याच्या पोस्टात खिडकीवर बसायचो. मावळातल्या एका शाळेचे इंग्रजीचे मास्तर दर शनिवारी यायचे. एक वाक्य बोलून झालं की ते थांबायचे. जणू मला ते उतरवून घ्यायचंय.

हेडमास्तरांनी त्यांना बजावलं होतं की, इंग्रजी शिकवण्याचं प्रमाणपत्र भिंतीवर लावा, नाहीतर तपासणीनंतर वर्ग दुसऱ्याकडे जाईल. टपालाने शिकवणाऱ्या तीन संस्था होत्या, त्यांतली एक थेट लंडनची. पण मास्तरांनी आधी चौकटच करून घेतली, कारण सुतार म्हणाला होता, "लग्नसराईत पाटांपुढं मला येळ न्हाई." मग त्यांनी तिन्ही संस्थांना एवढंच विचारलं, की आपल्या प्रमाणपत्राची लांबी-रुंदी किती?

"आणि अभ्यासक्रम?" मी विचारलं.

"अभ्यास कमीजास्त करता येतो. चौकट नाही."

उत्तर फक्त लंडनहून आलं. त्यांचं प्रमाणपत्र चौकटीहून दोन इंच मोठं होतं. मास्तर हिरमुसले. मग पिशवीतून चौकट काढून त्यांनी ते पत्रच तिच्यात धरून पाहिलं. तंतोतंत बसलं.

तपासणीच्या साहेबांनी भिंतीवरचा शिक्का आणि सही लांबूनच पाहिली, "लंडन!" म्हणाले आणि वर्ग मास्तरांकडेच ठेवला.

पुढे शाळेत गेलो तेव्हा मी ते पत्र जवळून वाचलं. लंडनच्या साहेबाच्या एका चुकीभोवती लाल शाईने गोल केला होता आणि कोपऱ्यात गुण दिले होते: दहापैकी सात.