कोमट विहीर

गावच्या गरम पाण्याच्या कुंडाजवळ गंधकाचा वास आला की मला मस्कतमधल्या अर्बाबच्या, म्हणजे आमच्या मालकाच्या, बंगल्याचं स्वयंपाकघर आठवतं. मी तिथे स्वयंपाकी होतो, आणि त्याची मुलं सांभाळणारी बाई इंडोनेशियाची, ज्वालामुखीच्या पायथ्याच्या गावातली. एका दुपारी आईशी फोनवर बोलून ती ओट्याला टेकून मला सांगू लागली. घरच्या विहिरीचं पाणी कोमट झालं होतं, त्याला सडक्या अंड्यांचा वास येत होता, आणि धुण्याला पाणी तापवावं लागत नाही म्हणून आई खूश होती. "आमच्याकडे असलं पाणी देवाचं मानतात," मी म्हणालो. "आमच्याकडे डोंगर फुटायच्या आधी असं होतं," ती म्हणाली, "मग राख पडते, घरं बसतात." तिने रजा मागितली. "इन्शाल्ला, ईदनंतर," अर्बाब प्रेमानेच म्हणाला. ती रोज आईला निघ म्हणायची, आणि आई म्हणायची, शेळी व्याली की निघते. मग एका सकाळी टीव्हीवर तिचं गाव राखेखाली गेलेलं दिसलं. अर्बाबने लगेच रजा दिली. "आता कुणाकडे जाऊ?" एवढंच बोलून ती मुलांचे डबे भरू लागली. यंदा कुंडात उतरलेली बायको मला हाक मारत होती, "या की, पाणी किती छान कोमट आहे!" मी काठावरच बसून राहिलो.