लाल रंगाची टंचाई

डबा उपडा केला, बुडावर थापट्या मारल्या, सुरीनं कडा खरवडल्या. लाल पूड काही पडली नाही. समोर दिग्गी गावची शेवंती मांडीवर लुगडं घेऊन बसली होती. धुऊन धुऊन त्याचा रंग पार उडाला होता.

"व्हईल न्हवं, अण्णा?"

"डोंबल होईल!" मी खेकसलो. राग होता लढाईवर, सापडली ही बिचारी.

मी बेळगावाखालच्या रानातल्या सुप्याचा रंगारी. लढाईच्या आधी आमच्या धंद्यात लाल म्हणजे जर्मनीचा लाल. पत्र्याच्या डब्यातून पूड यायची. गंमत बघा, आमच्या रानातला हिरडा गोव्याच्या बंदरातून बोटीत चढायचा, तिकडं चामडं कमवायला जायचा, आणि तिकडून रंग यायचा. जर्मनी कुठं आहे हे आम्हाला ठाऊक नव्हतं, पण सोयरीक जुनी. लढाई लागली आणि सरकारनं ती एका हुकमात मोडली. शत्रूशी देणंघेणं बंद.

बेळगावला जाऊन रंगाच्या शेटला गाठलं.

"शेट, एखादा जुना डबा?"

"हळू बोल की रे! होते ते सोन्याच्या भावानं गेले. आता आहे त्यात निम्मं मीठ. नेतोस?"

"मीठ घरी आहे माझ्या."

"मग विलायतेच्या रंगाची वाट बघ."

"कधी येणार?"

"ते लढाईला विचार."

हात हलवत परत आलो. शेवंतीला सांगितलं, तरी ती उठेना. तिचा नवरा बेळगावात भरती होऊन खेचरांच्या पलटणीबरोबर बसऱ्याला गेला होता. जाताना सांगून गेला होता: सुटी मिळेल त्या वर्षी आधी उळवीच्या देवाला येईन, जत्रेतच भेट, लाल लुगडं नेस म्हणजे गर्दीत लांबून ओळखेन. पत्राचा भरवसा नव्हता, आलं तर आलं. म्हणून ही दर जत्रेला जायची आणि दिवसभर रथाच्या वाटेवर उभी राहायची.

"अगं, नवरा तुला ओळखतो का लुगड्याला?" मी थट्टा केली.

तिचे डोळे भरले. "तसं न्हवं, अण्णा. त्येंची सुटी ती केवढी! ती मला हुडकण्यात जाया नगं."

मग मला गप्प बसवेना. लाल रंग रानात असतो. मंजिष्ठ नावाचा वेल, त्याची मुळं लाल. आधी कापड हिरड्याच्या काढ्यात बुडवायचं, मग तुरटीच्या पाण्यात, म्हणजे ते रंग धरतं. एवढं मला येत होतं. पुढं पुडीच्या सवयीनं मी मंजिष्ठ खळाखळा उकळली. चिंधी टाकून बघितली तर शेणासारखी तपकिरी. जाळ अगदी कमी केला तर फिकट गुलाबी. तिचं लुगडं त्या भांड्यात बुडवायचा धीर होईना.

माझ्या बापाला हे सगळं येत होतं. पण डबे आले आणि त्यानंच तांब्याचं भांडं मोडीत घातलं. मला शिकवायची त्याला गरजच वाटली नाही. त्या दिवशी भट्टीपुढं बसून त्याची इतकी आठवण आली की रडूच फुटलं. धंद्यातला एक प्रश्न विचारायला बाप पाहिजे होता, दुसरं काही नको.

आठवत राहिलो तसे त्याचे हात डोळ्यांपुढं आले. कोपरापर्यंत लाल. आणि एकदम डोक्यात आलं, अरे, उकळत्या भांड्यात कोण हात घालील? म्हणजे ते भांडं उकळतच नसणार! हाताला सोसेल एवढाच ताव ठेवून तो दिवसभर कापड चाळवत असणार. मीही तसंच केलं. लुगडं निघालं ते विटेसारखं लाल. जर्मनीचा भडकपणा नव्हता, पण लाल होतं.

जत्रा झाली आणि शेवंती नवऱ्याला घेऊन दुकानापुढं उभी! पाय जायबंदी म्हणून त्याला सुटी मिळाली होती.

"सापडली का लवकर?" मी विचारलं.

"लवकर? आवो, जत्रंत लाल म्हून दुसरं कायच न्हवतं. समद्या बाया फिक्कट. ही येकलीच दिसली."

हे माझ्या ध्यानातच आलं नव्हतं. डबा काय एकट्या शेवंतीचा बंद झाला होता?

पाय बरा झाला, तो परत गेला. पुढच्या जत्रेला आला नाही. लढाई संपली, तरी आला नाही. मेल्याचीही बातमी नाही.

डबे मात्र आले. काही विलायतेचे, काही जपानचे. शेट तोच, डब्यावरची चित्रं निराळी. आमचा हिरडा आता विलायतेला जाऊ लागला. जर्मनीचं नावही कुणी काढीना. धंद्याला कुणीतरी देणारा-घेणारा लागतो, तोच माणूस लागतो असं नाही. एवढं मी त्या लढाईत शिकलो.

जत्रेच्या आधी शेवंती लुगडं घेऊन आली. मी म्हटलं, "नवा डबा फोडतो. पूर्वीसारखं भडक लाल करून देतो, पैसे नकोत."

"नगं, अण्णा. आता समद्याच लाल झाल्यात. त्यात मी त्यास्नी कशी घावणार? तुमची मंजिष्ठच घाला."

मी डबा बाजूला सारला. मंजिष्ठ भिजत घातली.