लुओ गुरुजींचं अक्षर, मामंजींची छिन्नी

आमच्या घरी नूडल्स जाड झाल्या तर त्या 'यान' आणि बारीक झाल्या तर 'ल्यू'. लग्न होऊन आले त्याच आठवड्यात मामंजींनी वाडग्यात डोकावून सांगितलं, "सूनबाई, आज ल्यू गोंगच्युआन केलास. नुसती हाडं. उद्या यान झेनचिंग कर, जरा अंगानं भरलेला."

बारा-चौदाशे वर्षांपूर्वी कुंचल्याने सुंदर अक्षर लिहून गेलेली ही माणसं मामंजींच्या बोलण्यात शेजाऱ्यांसारखी यायची. यानचं अक्षर म्हणजे पाय रोवून उभा असलेला धष्टपुष्ट माणूस. ल्यू ताठ, सडसडीत. आणि ओउयांग श्युन? "तो आपल्या गावप्रमुख तांगसारखा. अंग चोरून उभा, पण जागचा हलवून दाखवा!"

मामंजी, म्हणजे मियाओ शानलिन, फुपिंगचे पाथरवट. एवढी पारख असून आयुष्यभर कोरलं ते दुसऱ्याचं अक्षर, लुओ गुरुजींचं.

दोघं शाळेत एका बाकावरचे. त्यांचे मास्तर चांगल्या अक्षराभोवती लाल शाईने गोल काढायचे. तेराव्या वर्षी मामंजींच्या हातात वडिलांनी छिन्नी दिली आणि कुंचला सुटला तो सुटलाच. "त्या शेवटच्या दिवशी लुओला अकरा गोल होते," मामंजी साठीतही सांगायचे. "मला चार. त्यातला एक डागाभोवती होता, पण होता."

पुढे लुओ यानच्या वळणाने लिहू लागले. आसपासच्या गावांतली प्रत्येक शिळा त्यांनी लिहायची, मामंजींनी कोरायची. लोक शिळेपुढे उभे राहून म्हणत, "काय हात आहे गुरुजींचा!" मामंजी तिथेच खाली बसून हत्यारं गोळा करत असायचे. घरी आले की दार जरा जास्तच जोरात लागायचं.

अंगणात पर्सिमॉनची फळं सोलता सोलता एक गोष्ट माझ्या लक्षात आली होती. उभ्या रेघेच्या शेवटी कुंचला झटक्यात वर उचलून गळासारखा आकडा काढतात. लुओंचा आकडा नेहमी पडलेला असायचा. तिथवर छिन्नी आली की मामंजी थांबायचे, दगडावर फुंकर मारायचे, आणि तो पडलेला आकडा उचलून उभा करायचे.

"सांगत का नाही कुणाला?" मी एकदा विचारलं.

"सांगून काय? म्हणतील, म्हातारा जळतो."

"मग जळत नाही का?"

"जळतो ना!"

गावच्या नव्या पुलाची शिळा ठरली तेव्हा मामंजी अंघोळ करून, नवा कोट घालून तांगकडे गेले. शियानच्या जुन्या शिळांवर कोपऱ्यात कोरणाऱ्याचंही बारीक नाव असतं. आपलंही असावं, एवढंच मागणं.

तांग हसला. "शानलिनदादा, दगडवाल्याचं नाव घातलं तर सिमेंटवालाही येईल उद्या!"

मामंजी जेवले नाहीत. शिळेसाठी लुओंनी लिहिलेला कागद आला तो उलगडून बराच वेळ पाहत बसले. गुरुजींचा हात आता थरथरायचा. यानचं ते भरलेलं अंग कुठेच नव्हतं, रेघा सुकलेल्या, कडा दातेरी. "लोकांना हात बघायचाय ना त्याचा?" मामंजी म्हणाले. "बघू दे."

या वेळी छिन्नी कुठेच थांबली नाही. प्रत्येक थरथर त्यांनी जशीच्या तशी दगडात उतरवली. इतकं निगुतीने काम मी कधी पाहिलं नव्हतं, आणि इतकं वाईटही.

उद्घाटनाला फटाके वाजले, लाल कापड खाली आलं. लोक नेहमीसारखंच म्हणाले, "काय हात आहे!" मामंजींचं तोंड कडू झालं. एवढ्यात लुओ गुरुजी काठी टेकत पुढे झाले. चारसहा अक्षरांवरून बोट फिरवलं आणि वळून हळूच म्हणाले, "शानलिन, आजारी होतास का रे?"

मामंजी कोटावरची धूळ झटकू लागले.

"तुझ्या सगळ्या शिळांचे कागदी ठसे आहेत माझ्याकडे. रोज सकाळी त्यावरून गिरवतो. आकडे तुझ्यासारखे एकदाही आले नाहीत. फार जळलो रे तुझ्यावर." मग तांगकडे वळून चढ्या आवाजात, "कोपऱ्यात याचं नाव घालायचं. नाहीतर माझंही तासून काढा."

तांगने मान डोलावली. मामंजींचा चेहरा मात्र पांढराफटक. उभ्या आयुष्यात नाव मिळालं ते नेमकं याच दगडावर!

दुसऱ्या दिवशीपासून आठ दिवस ते पुलावर स्टूल टाकून बसले. कोरलेली रेघ पुन्हा बारीक होत नाही, पण रुंद करता येते. दातेरी कडा तासत तासत त्यांनी एकेका अक्षराला यानचं अंग चढवलं, आकडे उभे केले. मी डबा घेऊन जायची. लोक विचारत, "दादा, झालेल्या कामाचं काय करताय?" "धूळ झाडतोय," मामंजी म्हणायचे.

मियाओ, शान, लिन ही नावाची तीन अक्षरं लुओ गुरुजींनी घरी येऊन लिहून दिली. ती मात्र मामंजींनी थरथरीसकट कोरली, एक आकडासुद्धा न उचलता.

"ही का नाही सुधारली?" मी विचारलं.

छिन्नी पुसत ते म्हणाले, "एखादा तरी त्याचा हात राहू दे." मग डोळे बारीक करून शिळेकडे पाहिलं. "पण बघ सूनबाई, माझं नाव त्याने जरा बारीकच लिहिलंय. मुद्दाम!"