थंडी पडायची वाट पाहिली: वर्धा ते हिंगणी, सायकलवर

हिंगणीला जायचं खरं तर दिवाळीतच ठरलं होतं. माझी शाळेतली मैत्रीण मंदा तिथे दिलेली आहे, गावात त्यांचं किराण्याचं दुकान आहे. तिचा फोन आला, इकडचं तिकडचं बोलणं झालं आणि ठेवता ठेवता ती म्हणाली, "सुमे, तू ये वं. एक गोष्ट सांगाची हाये. फोनवर नाई सांगत."

मी म्हटलं, "अगं, आत्ता काय ऊन आहे तिकडे! थंडी पडू दे, सायकलवरच येते. शाळेत जायचो तशी."

ती म्हणाली, "बरं."

शाळेत असताना आम्हा दोघींत मिळून एक सायकल होती. चढ आला की मागचीनं उतरून ढकलायचं असा नियम होता, आणि चढ आला की मंदा नेमकी पुढे असायची. तर जानेवारीत पुण्याहून रेल्वेनं वर्ध्याला भावाकडे आले. त्याची गिअरची सायकल घेतली. मंदाला मुद्दामच कळवलं नाही, दारात जाऊन उभं राहायचं होतं. शिवाय पन्नाशी उलटलेली बाई एकटी सायकलवर, ब्लॉगला मजकूर बरा मिळेल, हेही डोक्यात होतं. खोटं कशाला बोलू?

सकाळी साडेसहाला निघाले. विदर्भ म्हणजे नुसतं ऊन, असं समजून कोणी इकडे हिवाळ्यात येऊ नका. हातमोजे घालूनही बोटं ब्रेकवर वाकेनात. नाकातलं पाणी पुसायला हात सुटा करायचीही सोय नव्हती. पवनारच्या पुलावर धुकं इतकं की खाली नदी आहे हे आठवणीनंच मानायचं. नागपूरचा रस्ता रुंद आणि गुळगुळीत आहे, पण ट्रक अगदी कानाशी येऊन भोंगा वाजवतात. मागचा लाल दिवा दिवसाही लावाच. वारा सगळा समोरून होता.

सेलूला तर्री-पोहे खाल्ले. पंचवीस-तीस रुपयांत पोट भरतं आणि लाल तर्रीनं कान तरी गरम होतात. हिंगणीचा रस्ता इथूनच फुटतो. मी तिकडे वळायला हवं होतं. पण वाटलं, एवढं आलोच आहोत तर केळझरचा गणपती करून परत येऊ, टेकडीवरून फोटो छान येतात. हिंगणी कुठे पळून जातेय?

दर्शन झालं, फोटो झाले. खाली एका म्हातारीच्या टपरीवर चहा घेतला.

"एकटीच आली काय वं बाई? काऊन? घरचे कोनी नाई?"

"आहेत की. त्यांना सायकल जमत नाही."

"मंग एवढ्या थंडीत कायले मरून राह्यली?"

मी हसले. ती कप विसळत म्हणाली, "येजो वं बाई. अवंदा नाई तं पुढच्या साली येजो."

सायकलवर बसले आणि दोन पायडल मारून थांबले. 'येजो.' आमच्याकडे निरोप देताना हेच म्हणतात. येजो म्हणजे सवडीनं ये, जमेल तेव्हा ये, नाही आलीस तरी राग नाही. मंदा गेली तीस वर्षं दर फोनला मला 'येजो' म्हणत आलीय. दिवाळीत ती म्हणाली, 'ये.' आमच्या बोलीत ये म्हणजे आत्ता, हातातलं काम टाकून. पुण्यात सगळेच 'ये ना एकदा' म्हणतात आणि कोणी जात नाही. माझा कान तसाच झालाय. मला स्वतःची लाज वाटली, आणि भीतीही.

त्यानंतर एकही फोटो नाही. सेलूला परत आले आणि न थांबता हिंगणीच्या रस्त्याला लागले. दोन्ही बाजूंना तूर होती, कुठे कपाशी वेचत होते, एवढंच आठवतं.

बाराच्या सुमारास पोचले. दुकानात मंदाचे यजमान होते. मला बघून गल्ल्यावरून उठले.

"या ताई. तुमाले कोनं सांगतलं?"

"काय सांगितलं?"

"मंदाले लकवा मारला नं. दीड महिना झाला. वाचा गेली तिची."

मागच्या अंगणात उन्हाला खाट होती. मंदानं मला ओळखलं. माझ्या हेल्मेटकडे बघून तिच्या तोंडाची एक बाजू हसली. मी तिचा उजवा हात हातात घेतला, तो नुसताच माझ्या हातात राहिला.

भाऊजींनी मला बाजूला नेलं. "तुमाले काई बोलली होती काय ताई? काई तरी होतं तिच्या मनात. मले म्हने, आधी सुमीले सांगीन, मंग तुमाले. डाव्या हातात पेन देऊन पाह्यला, तं नुसत्या रेघोट्या."

"नाही हो भाऊजी. मला वाटलं, तुम्हाला ठाऊक असेल."

भाऊजींनी जाऊन मंदाच्या पायावरची चादर सारखी केली.

मंदाच्या सुनेनं भाकर आणि वांग्याची भाजी वाढली. चव सांगता येणार नाही. बोर धरण जवळच आहे, तिकडे गेले नाही.

तीन वाजता मंदाजवळ बसून म्हटलं, "येते गं." तिचे ओठ बराच वेळ हलत होते. भाऊजी वाकले, मी वाकले. शेवटी "ये…" एवढं आलं. पुढे काही होतं का, कोण जाणे. तिनं डोळे मिटून घेतले.

परतीला वारा पाठीमागून होता. सायकल आपोआप पळत होती आणि मी रडत होते.

आता पुण्यात घरी बसून हे लिहितेय. हा मार्ग कुठल्या महिन्यात करावा, असं तुम्ही विचाराल म्हणून सांगते: हिवाळा उत्तम. पण तिकडे कोणी आपलं माणूस असेल तर हिवाळ्याची वाट पाहू नका.

'ये' की 'येजो', हे मी तिला आता विचारू शकत नाही. मी 'ये' ऐकलंय. परवाच्या गाडीचं तिकीट काढलंय. भावाला सांगितलंय, सायकल काढून ठेवू नको, मी बसनं जाईन.