सही चालत नाही

खुब्याच्या ऑपरेशननंतर आई दवाखान्यात होती. विम्याच्या क्लेमसाठी एकजण अंगठ्याचं यंत्र घेऊन खाटेपाशी आला.

“पेन द्या, सही करते,” आई म्हणाली.

“सही चालत नाही आजी, अंगठाच लागतो.”

गावातल्या बायकांना अंगठ्याऐवजी सही करायला शिकवण्यात तिची वीस वर्षं गेली होती. सलाईननं सुजलेला तिचा अंगठा त्यानं चारदा दाबला. ती कण्हली, तरी त्याची नजर यंत्रावरच होती. ओळख पटवायला आलेल्या माणसानं तिच्या तोंडाकडे एकदाही पाहिलं नाही, याचा मला अजून संताप येतो. माणूस समोर जिवंत असताना साक्ष मात्र यंत्राची!

पाचव्यांदा जुळलं. तो पुढच्या खाटेकडे वळला. आईनं हात पांघरुणाखाली घेतला, तो संध्याकाळपर्यंत मलाही धरू दिला नाही.